खिळ्यावरची अनामत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाला पाठ लावून, एक दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. तिथे धारकाकू बसतात आणि कात्र्यांना धार लावतात. चाकू-सुऱ्याही करतात, पण मान कात्रीचा. मी त्यांच्यापेक्षा चांगला पंधरा-वीस वर्षांनी मोठा, तरी मीही त्यांना काकूच म्हणतो, कारण सगळी गल्ली म्हणते. गल्लीच्या विरुद्ध चालायला माझे गुडघे आता धड राहिलेले नाहीत.

दुकानाबाहेर एक बाकडं आहे. सकाळचं पेपरवाचन मी तिथेच करतो, त्यामुळे जे सांगतोय ते ऐकीव नाही, बाकड्यावरून पाहिलेलं आहे.

काकूंनी हे काम वडिलांकडून उचललं. भाऊ नव्हता, आणि असता तरी त्यानं उचललं असतं असं नाही. त्यांचे यजमान बसगाड्यांवर तिकीट तपासायचे. आता निवृत्त आहेत, पण काकू त्यांना अजून ‘साहेब’ म्हणतात, आणि त्या शब्दात किती आदर आणि किती टोमणा ते दिवसागणिक बदलतं. मी एकदा विचारलं, “साहेबांना का नाही शिकवलंत?” तर म्हणाल्या, “यांना पेन्सिलीला टोक काढायला दिलं, तर पेन्सिल संपते, टोक येत नाही.” साहेब शेजारीच होते. त्यांनी मान डोलावली. खरं ते खरं, असा माणूस.

कात्री हातात आली की काकू ती आधी कानाशी नेतात. दोन-तीनदा उघडझाप करतात. मग मधला स्क्रू सोडून दोन्ही पाती वेगळी करतात, फिरत्या दगडावर एकेक पातं धरतात, मग हातानं बारीक दगडावर, मग तेल, मग परत जोडणी. कापडाच्या मोठ्या कात्रीला तलम कापडाची चिंधी कापून बघतात, केसांच्या कात्रीला ओला कापूस. चांगलं काम एका दिवसात होत नाही, कात्री मुक्कामाला ठेवावी लागते. आता शिंप्याची कात्री मुक्कामाला राहिली तर शिंप्यानं काय दातांनी कापड कापायचं? म्हणून काकूंच्या वडिलांनी बदली कात्र्या ठेवल्या. तुमची इथे ठेवा, ही घेऊन जा, उद्या अदलाबदल करा.

सुरुवातीला हे सगळं विश्वासावर चालायचं. मग एके दिवशी एक अनोळखी न्हावी आला. कागदात गुंडाळलेली कात्री ठेवली, “केसांची आहे, जपून हं,” म्हणाला आणि चांगली बदली कात्री घेऊन जो गेला तो गेला. संध्याकाळी वडिलांनी कागद सोडला तर आत पत्रा कापायची कात्री, तीही गंजलेली, एक पातं वाकडं. वडील शांतपणे म्हणाले, “याच्या गिऱ्हाइकांचे केस भारीच राठ दिसतात.” दुसऱ्या दिवसापासून अनामत सुरू झाली.

अनामतीची पद्धत मात्र बघण्यासारखी. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग आहे, प्रत्येक खिळ्यावर एक बदली कात्री. कात्री बाहेर गेली की गिऱ्हाइकानं दिलेल्या नोटांची घडी करून, तिला भोक पाडलेल्या पुठ्ठ्याचा चिमटा लावून, त्याच खिळ्यावर अडकवायची. कात्री परत आली की तीच घडी खाली काढून परत द्यायची. दुसरी नोट नाही, तीच. वडील म्हणायचे, “ही नोट आपली नाही. आपल्याकडे बसायला आलीय.” भिंतीकडे एक नजर टाकली की सगळा हिशोब दिसायचा. आणि काकूंचा दुसरा नियम याच्याच पोटातला: अनामत हातात दिल्याशिवाय बदली कात्री परत घ्यायची नाही. इकडून पैसे, तिकडून कात्री, एकाच वेळी.

नोटा अशा उघड्यावर टांगलेल्या, कोणी पळवत नाही का, असं नवे लोक विचारतात. अहो, चारी बाजूंनी धारदार पाती लावलेल्या दुकानात हात घालून नोट पळवायला माणसाला बोटांचा फार कंटाळा आलेला असायला हवा.

मला ही पद्धत आवडायची, कारण आमच्या गावच्या शाळेत गुरुजी असंच करायचे. कोणी पाटीवरची पेन्सिल उसनी मागितली, तर ते त्याच्या एका पायातली चप्पल काढून टेबलाखाली ठेवून घ्यायचे. एका चपलेवर कोण कुठवर पळणार? शाळा सुटताना पेन्सिल टेबलावर, चप्पल पायात. हा किस्सा मी बाकड्यावर इतक्या वेळा सांगितलाय की मी तोंड उघडलं की समोरचे शिंपीमास्तर रस्त्यापलीकडून ओरडतात, “चपलेचा असेल तर झालाय ऐकून!”

मग साहेबांनी फोन घेतला. फोनवरून पैसे घ्यायची एक सेवा असते, तुम्हाला ठाऊक आहेच. दुकानावर चौकोनी नक्षीचा कागद चिकटवायचा, आणि पैसे आले की एक डबी मोठ्यानं बोलते. साहेबांना डबी फार आवडली. आयुष्यभर ते स्वतःच ओरडले होते, आता त्यांच्या वतीनं कोणीतरी ओरडत होतं. धारेची मजुरी तिच्यावर येऊ लागली, तोवर ठीक होतं. मग अनामतही तिच्यावर येऊ लागली. सकाळी शिंप्याकडून दोन हजार आले, दुसऱ्या दिवशी दोन हजार शिंप्याला गेले. पार्लरवाल्या ताईकडून तीन आले, तिला तीन गेले. भिंतीवरच्या खिळ्यांवर ना कात्री ना नोट, नुसते खिळे. काकू कुरकुरल्या, “भिंत बोडकी दिसते.” साहेब म्हणाले, “जमाना कुठे चाललाय आणि तू खिळ्याला धरून बसलीस.” वर खात्यात पैसे ठेवले की सेवेकडून काहीबाही बक्षीस मिळायचं, म्हणून साहेब आपली अर्धी पेन्शनही तिथेच वळती करू लागले.

एके सकाळी डबी बोलेना. साहेबांनी फोन उघडला तर लाल पट्टी: संशयास्पद व्यवहारांमुळे आपले खाते तात्पुरते गोठवण्यात आले आहे.

“गोठवलंय म्हणजे?” काकूंनी विचारलं.

“म्हणजे पैसे आहेत, पण हलत नाहीत.”

“मग हलवा की.”

“अगं, मला हलवता येत नाहीत म्हणूनच ते गोठलेत!”

त्या दिवशी जवळजवळ सगळ्या बदली कात्र्या बाहेर होत्या. लग्नाकार्यांचे दिवस, शिंपी काय, पार्लर काय, सोफे शिवणारा काय, सगळ्यांना धार हवी होती. सगळ्यांची अनामत त्या गोठलेल्या खात्यात, आणि संध्याकाळपर्यंत एकेक जण ती मागायला येणार. घरातले रोख पैसे नुकतेच छत दुरुस्त करणाऱ्याला गेलेले. वडिलांच्या वेळेपासून अनामत एकदाही उशिरा गेली नव्हती. काकूंना काळजी होती ती एवढीच, पण ती पुरेशी होती.

सेवेनं काही प्रश्न पाठवले होते. उत्तरं दिली की खातं तपासून खुलं करू, म्हणे. साहेब माझ्या शेजारी बाकड्यावर बसले, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचू लागले. काकू आत दगडावर कात्री धरून होत्या.

“आलेली रक्कम कशाबद्दलची आहे? विक्री, सेवा, भेट, कर्ज, इतर.”

“अनामत.”

“अनामत नाहीये यात.”

“मग इतर.”

“एकाच व्यक्तीकडून आलेली रक्कम वारंवार त्याच व्यक्तीला का परत केली?”

“हा काय प्रश्न झाला? त्याची आहे म्हणून.”

साहेबांनी एका बोटानं टाइप केलं, ‘त्याची आहे म्हणून’. तेव्हा माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. त्या यंत्राला काय दिसत होतं? पैसे येतात, तेवढेच्या तेवढे परत जातात, पुन्हा येतात, पुन्हा जातात. मध्ये कात्री आहे हे त्याला कुठून दिसणार? त्याच्या लेखी हा चोरीचा पैसा धुवून काढण्याचा प्रकार होता.

“शेवटचा,” साहेब म्हणाले. “खात्यातली रक्कम आपल्या मालकीची आहे का? हो किंवा नाही.”

मी म्हटलं, “‘हो’ दाबा आणि मोकळे व्हा.”

आतला दगड थांबला. “नाही दाबा,” काकू म्हणाल्या.

“अगं, पण…”

“आपली आहे का ती?”

“आपली पेन्शनपण आहे त्यात.”

“पेन्शन सोडा. बाकीची आपली आहे का? लोकांची आहे. जन्मभर बिनतिकिटाच्या लोकांना गाडीतून उतरवलंत, आणि आता स्वतः खोटं लिहिणार?”

हा वार वर्मी बसला. साहेबांनी ‘नाही’ दाबलं. थोड्याच वेळात उत्तर आलं: खातेधारकानं रक्कम इतरांची असल्याचं मान्य केल्यामुळे पूर्ण चौकशी होईपर्यंत खाते बंद राहील. आपल्या संयमाबद्दल आभार.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लबाड माणसानं डोळे मिटून ‘हो’ दाबलं असतं. खरं उत्तर देणारी माणसं त्या यंत्रानं फारशी पाहिली नसावीत.

संध्याकाळी गिऱ्हाइकं येऊ लागली. काकूंनी ठरवून टाकलं होतं. ज्याची त्याची कात्री धार लावून द्यायची, मजुरी घ्यायची नाही, आणि बदली कात्रीही त्याच्याकडेच राहू द्यायची. अनामत देता येत नाही, तर कात्री परत कुठल्या तोंडानं घ्यायची? कोपऱ्यावरचा न्हावी हसत म्हणाला, “काकू, मला हात दोनच आहेत. दोन कात्र्या घेऊन दोन गिऱ्हाइकं एकदम करू का?” पण घेऊन गेला. सोफेवालाही घेऊन गेला.

पार्लरवाली ताई मात्र थांबली. तिची रक्कम सगळ्यात मोठी, आणि तिला दुकानाचं भाडं द्यायचं होतं.

“मला तुमची कात्री नको, काकू. पैसे द्या.”

“अडकलेत गं. तेच म्हणतेय ना.”

“फोनवर मी दिले तेव्हा लगेच आले, आणि फोनवरून द्यायचे तेव्हा अडकले?”

“सगळं खातंच बंद केलंय. आमचेही अडकलेत.”

“तुमचे अडकले ते तुमचं तुम्ही बघा. माझे का अडकले?”

काकूंनी तिची कात्री पुसून तिच्यापुढे ठेवली. ताई दोन्ही कात्र्या पिशवीत टाकून निघाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “लोकांचे पैसे दाबायचे आणि वर साळसूदपणे धार लावायची!”

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं. भिंत पूर्ण बोडकी. बदली कात्री नाही म्हटल्यावर नवं काम कोण ठेवणार? मी हळूच म्हटलं, “काकू, माझ्याकडे थोडे पडलेत. लोकांचे देऊन टाका, मला सावकाश द्या.”

“एकाचे घेऊन दुसऱ्याला द्यायचे? मग त्या मशीनचं काय चुकलं, आजोबा? गोलच फिरवतेय की मी.”

साहेब सेवेचं ऑफिस शोधायला निघाले. दोन गाड्या बदलून एका काचेच्या इमारतीत पोहोचले. दारावरचा रखवालदार म्हणाला, इथे फक्त जाहिरातीचं काम चालतं, पैशांचं सगळं फोनवरच. फोनवर विचारलं तर एक बाई गोड आवाजात म्हणायची, आपला प्रश्न योग्य विभागाकडे पाठवला आहे. विभाग कुठे आहे? ते सांगता येत नाही. साहेब परत आले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, “इतकी वर्षं बिनतिकिटाचे प्रवासी पाहिले. हातात तिकीट आहे आणि गाडीच नाही, असा पहिला प्रवासी मीच.”

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी शिंपीमास्तर रस्ता ओलांडून आले, दोन्ही हातांत एकेक कात्री.

“एक माझी, एक तुमची. दोन्ही बोथट झाल्यात. करा.”

“तुमची करते. आमची ठेवा तुमच्याकडेच.”

“बोथट कात्री ठेवून तिचं काय करू? परत घ्या तुमची.”

“अनामत नाही माझ्याकडे.”

“येईल तेव्हा द्या.”

“तसं चालत नाही इथे.”

मास्तरांनी सरळ पुढे होऊन कात्री खिळ्यावर अडकवली. काकूंनी उठून ती काढली आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत टाकली. मास्तरांनी पुन्हा अडकवली. काकूंनी पुन्हा काढली. दोघं साठीच्या आसपासचे, आणि तमाशा शाळेतल्या पोरांचा. औषधवाला काउंटर सोडून बघायला आला.

“अहो बाई,” मास्तर वैतागले, “माझे पैसे आहेत, मी म्हणतोय राहू द्या!”

“तुमचे आहेत म्हणूनच नाही राहू देत.”

“मग काय करू? या आजोबांच्या गुरुजींसारखी तुमची चप्पल ठेवून घेऊ?”

सगळे हसले. काकू नाही हसल्या. त्यांनी डोळे बारीक केले, म्हणजे त्या विचार करत होत्या. मग साहेबांकडे वळल्या.

“तुमचं ते तिकिटांना भोक पाडायचं कुठेय?”

साहेबांचा चेहरा उतरला. नोकरीभर वापरलेला तो पंच त्यांना निरोपाच्या दिवशी भेट म्हणून मिळाला होता. चकचकीत, मुठीवर त्यांचा क्रमांक कोरलेला. तो ते आठवड्याला तेल देऊन पुसायचे. घरात एवढ्या एकाच हत्याराची निगा त्यांना जमायची.

“ते कशाला?”

“मास्तरांकडे ठेवायला. अनामत परत जाईपर्यंत.”

“ते माझं आहे!”

“म्हणूनच. आपलं आहे तेच ठेवता येतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं. ते घरी गेले, पंच रुमालात गुंडाळून घेऊन आले आणि लेक सासरी पाठवावी तसा मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी कात्री पुढे केली. इकडून पंच, तिकडून कात्री, एकाच वेळी. काकूंनी ती कात्री कानाशी नेली, उघडझाप केली आणि म्हणाल्या, “कापडावर वापरलीत की दोरखंडावर?”

त्या एका कात्रीवर दुकान पुन्हा सुरू झालं. दुपारी सोफेवाला आला. त्याच्याकडच्या दोन्ही कात्र्या मोठ्या, जाड कापडाच्या; आपली त्याला धारेला ठेवायची होती आणि बारीक कामाला मास्तरांकडून आलेली, त्यातल्या त्यात लहान कात्री हवी होती. सवयीनं फोन काढला.

“फोन आत ठेव. नोट दे.”

“काकू, नोट हल्ली असते कुणाकडे?”

“नसेल तर आण.”

तो औषधवाल्याकडून बदलून घेऊन आला. काकूंनी घडी केली, पुठ्ठ्याचा चिमटा लावला आणि खिळ्यावर अडकवली. दुपारभर त्या मधूनमधून तिकडे बघत होत्या.

खातं उघडलं ते दोन-अडीच महिन्यांनी. संदेश आला: आपले खाते पूर्ववत सुरू झाले आहे. आम्हाला निवडल्याबद्दल धन्यवाद. का बंद केलं, का उघडलं, काही नाही. साहेबांनी त्याच बैठकीत सगळ्यांच्या अनामती पाठवल्या आणि पेन्शन बँकेत परत नेली. फोनवर पैसे घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. माझ्या चहाचे मीही तसेच देतो, आणि काकूही आता मजुरी डबीवरच घेतात, संध्याकाळी ती बँकेत जाते. पण दुसऱ्याचे पैसे सांभाळायचे तर ते अशा जागी ठेवावेत, जिथून ते काढायला कोणाची परवानगी लागत नाही. हे मी नाही, साहेब म्हणतात. डबीच्या आवडीतून ते अजून पूर्ण बाहेर आलेले नाहीत, तरी म्हणतात.

बदली कात्र्या एकेक करून परत आल्या. पार्लरवाली ताई शेवटी आली. पैसे मिळाले होते. कात्री काउंटरवर ठेवून ती उभीच राहिली.

“काकू, त्या दिवशी मी रस्त्यात…”

काकूंनी कात्री कानाशी नेलेली होती. “थांब. हिनं कागद कोणी कापलाय?”

“अं? लेकीनं असेल. शाळेचं काहीतरी करत होती.”

“केसांच्या कात्रीनं कागद?” काकूंनी पातं उजेडात धरलं. “पुढच्या वेळी लेकीची वेगळी अनामत घेईन. बस, पाणी पी.”

ताई माझ्याशेजारी बाकड्यावर बसली. मी तिला चपलेचा किस्सा सांगितला. तिनं तो आधी ऐकलेला नव्हता, अशी माणसं आता दुर्मिळ झाली आहेत.

मास्तरांनी पंच पैसे मिळाले त्याच दिवशी परत केला होता. साहेबांनी रुमाल सोडला, पंच डोळ्यांशी धरला आणि ओरडले, “याच्या तोंडात कातडं अडकलंय!”

“कमरेच्या पट्ट्यांना भोकं पाडली हो थोडी,” मास्तर म्हणाले. “झकास चालतो. विकणार का?”

दोन दिवस साहेब मास्तरांशी बोलत नव्हते.

काल मास्तर पुन्हा आले. कात्री मुक्कामाला ठेवायची होती, बदली हवी होती. खिसे चाचपले. नोट नाही. फोन काढला, तर काकूंनी नुसतं बघितलं. मास्तरांनी फोन परत खिशात घातला, थोडा विचार केला, मग वाकून डाव्या पायातली चप्पल काढली आणि काउंटरवर ठेवली.

“चालेल?”

काकूंनी चप्पल उलटी करून तळ पाहिला. “झिजलीय फार. पण चालेल.”

मग चपलेच्या अंगठ्याला दोरी बांधून त्यांनी ती खिळ्यावर अडकवली, नोटांच्या घड्यांच्या रांगेत. आणि मास्तर हातात कात्री घेऊन, एक पाय चपलेत, एक पाय उघडा, लंगडत रस्ता ओलांडून गेले.